रावणाच्या मिशा नागपुरात दर पावसाळ्यात का बसतात: स्पिनिफेक्सच्या वाफ्याचं समस्या निवारण

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारं स्पिनिफेक्स हे गवत, म्हणजेच रावणाच्या मिशा, कॉलेजच्या वनस्पती उद्यानासाठी किंवा हौसेखातर नागपुरात लावलं की तक्रार ठरलेली असते. जुलैपर्यंत झकास, सप्टेंबरात निम्मं खलास, पुढच्या उन्हाळ्यात वाफा रिकामा. दोष मग नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाला दिला जातो, नाहीतर समुद्र नसण्याला. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात.

आधी लक्षण नीट ओळखा, कारण इथे एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो.

लक्षणं

- पावसाळ्यात मधली खोडं काळपट पडतात, हलकं ओढलं तरी हातात येतात, बुडाशी कुजका वास येतो. पाणी साचतंय.
- मार्च-एप्रिलमध्ये पानांची टोकं जळतात. सुरुवात जुन्या पानांपासून होते आणि रेतीवर पांढरी खपली दिसते. क्षार साठलेत.
- कडेची खोडं हिरवीगार, मध्यभागी टक्कल. काही खोडं वाफ्याबाहेर फरशीवर पळत सुटलेली. नवी रेती मिळत नाहीये.
- राखाडी-निळसर, गुंडाळलेली, ताठ पानं जाऊन गडद हिरवी, उघडी, लोळणारी पानं येतात. खत जास्त, ऊन कमी, किंवा दोन्ही.
- सगळा वाफा फिकट, नवी धावती खोडं वीतभरच. उपासमार.
- आजूबाजूला सगळं ठीक आणि एखादंच खोड चार दिवसांत वाळून जातं. मुळाशी किंवा पेरापाशी कीड.
- वाफ्यात लव्हाळा माजलाय, रेतीवर हिरवं शेवाळ आहे. गवत अजून बरं दिसत असलं तरी हा पाणी साचण्याचा इशाराच. लव्हाळा ओल असते तिथेच एवढा फोफावतो, आणि तो दिसल्यावर गवताचा मध्य बसायला वेळ लागत नाही.

दोन गोष्टी लक्षणांत धरू नका. डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबून पानं पिवळसर होणं हे नागपुरात चालायचंच. किनाऱ्यावर या गवताला दहा अंशांखालच्या रात्री सहसा पाहायला मिळत नाहीत, इथे मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे काट्यांचे गोळे न धरणं. या गवतात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. डोक्याएवढा काटेरी गोळा फक्त मादीला येतो. तो सुटून वाऱ्याबरोबर वाळूवर गडगडत जातो आणि बी पसरवतो. एकाच झाडाच्या फांद्या लावून वाफा केला असेल तर सगळी झाडं एकाच लिंगाची असणार. नराचा वाफा असेल तर गोळ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. मादीचा असेल आणि जवळपास नर नसेल तर गोळे येतील, पण बहुतेक पोकळ.

तुमच्याकडे आहे ते हेच गवत आहे ना?

हे विचारायला लागतं, कारण नावाचा घोळ मोठा आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ज्या गवताला तिकडे सर्रास स्पिनिफेक्स म्हणतात ते ट्रायोडिया, ही वेगळीच प्रजाती. त्याची माहिती वाचून कुणी आपल्या वाफ्याचं पाणी तोडलं तर वाफा जातो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरचं स्पिनिफेक्स सेरिसियस आपल्या गवताचं सख्खं भावंड आहे, पण त्याची पानं मऊ, रुपेरी लव असलेली. आपलं स्पिनिफेक्स लिटोरियस हाताला लगेच ओळख देतं. पान ताठ, टोक सुईसारखं. जुन्या पुस्तकांत हेच स्पिनिफेक्स स्क्वॅरोसस या नावाने सापडेल.

त्या सुईमुळे पुढचं सगळं काम चामड्याचे हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं. वाकून रेती उकरताना पानाचं टोक नेमकं डोळ्याच्या उंचीवर येतं.

१. ऊन मोजा

फुकटची तपासणी आहे, म्हणून पहिली. एका सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला वाफ्यावर थेट ऊन आहे का ते टिपा. सहा तासांहून कमी भरलं तर पुढच्या कुठल्याही उपायाचा फारसा उपयोग नाही. जागा बदला किंवा वरची फांदी छाटा. मे महिन्यात दयाबुद्धीने बांधलेली हिरवी जाळी पावसाळ्यात तशीच राहून जाते, हे फार ठिकाणी दिसतं. खरं तर ती मे महिन्यातही नको. जमिनीतल्या वाफ्यातलं जुनं झाड पंचेचाळीस अंशांत पान गुंडाळून घेतं आणि तग धरतं. जाळी लागते ती फक्त नव्या फांद्यांना, तीही पहिले पंधरा दिवस.

कुंडीचं मात्र वेगळं. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या टबात मुळं बाजूने भाजतात. बाहेरून चुना मारा, म्हणजे बरंच काम होतं.

२. खुरपी आणि नाक

पाऊस थांबल्यावर चोवीस तासांनी कोपऱ्यात वीतभर खड्डा करा. तळाची रेती मुठीत घट्ट दाबा. बोटांमधून पाणी निथळलं तर वाफा बुडालेला आहे. मूठ उघडल्यावर गोळा क्षणभर टिकून फुटला तर ठीक. मग वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास, रेतीत काळे पट्टे आणि मुळं पिवळट-पांढरी असण्याऐवजी तपकिरी व निसटती, म्हणजे तिथे हवा पोचत नाही आणि मुळं गुदमरून मेलीत. असं असेल तर ३, ४, ५ सोडून थेट ६ आणि ७ वर जा. बुडालेल्या वाफ्याला खत आणि नवी रेती घालणं म्हणजे पैसे वाया.

३. मीठ बंद करा

समुद्राचं गवत म्हणून आठवड्याला मूठभर खडेमीठ टाकणारे खूप आहेत. नागपुरातल्या वाफ्यांचं पाणी साचण्याच्या खालोखाल सर्वात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं. हे गवत खार सहन करतं. त्याला खार लागत नाही.

किनाऱ्यावर काय घडतं ते पाहा. खाऱ्या वाऱ्याचे तुषार पानांवर येतात हे खरं, पण मुळं असतात भरतीच्या रेषेच्या वर, सच्छिद्र वाळूत. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. चार महिने ती वाळू गोड्या पाण्याने धुऊन निघते आणि मुळांपाशी मीठ फारसं उरत नाही. नागपूरचा वर्षाचा पाऊस साधारण अकराशे मिलिमीटर. म्हणजे जे गवत कोकणात आपल्या जवळपास तिप्पट पाऊस सोसतं, ते इथे ‘जास्त पावसाने’ मेलं हे म्हणणं टिकत नाही. ते पाणी अडकल्याने मेलं. आणि ज्या वाफ्याला पाणी बाहेर जायला वाटच नाही, त्यात टाकलेलं मीठही कुठे जात नाही. वर्षानुवर्षं साठतं. शिवाय रेतीत थोडी जरी चिकणमाती असेल तर मिठातलं सोडियम तिचे कण सुटे करतं, ते खाली जाऊन रेतीची छिद्रं बुजवतात आणि निचरा आणखी बिघडतो. एका मुठीने दोन्हीकडून मार.

तपासायला पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार (पीपीएममध्ये) मोजणारा साधा पेन पुरतो. मुळांच्या खोलीवरची एक वाटी रेती, दोन वाट्या आरओचं पाणी, दोन मिनिटं ढवळा, अर्धा तास ठेवा, वरच्या निवळीत पेन बुडवा. त्यातून आरओच्या पाण्याचा स्वतःचा आकडा वजा करा. तीनशेच्या आत असेल तर मीठ हा प्रश्न नाही. तीनशे ते आठशे असेल तर मीठ आणि बोअरचं जड पाणी दोन्ही बंद करून नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. आठशेच्या वर असेल तर वाफा धुवा. दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे लिटर गोडं पाणी, एकदम नाही, सकाळ-संध्याकाळ करत तीन दिवसांत. पण धुण्याआधी पाणी बाहेर पडतं याची खात्री हवी. नाहीतर मीठ खाली ढकलाल आणि ते उन्हाळ्यात परत वर येईल.

४. नवी रेती टाका

हा उपाय सगळ्यात कमी लोक करतात, आणि तिसऱ्या वर्षापासून पुढे गवत टिकणं न टिकणं बरंचसं यावर असतं.

टेकडीवरचं हे गवत सतत गाडलं जातं. वारा वाळू आणतो, खोडाच्या पेरांवर ती साठते, गाडलेल्या पेराला नवी मुळं फुटतात आणि टोक पुन्हा वर येतं. गवत वाळू अडवतं आणि त्याच वाळूत नव्याने रुजतं. वाफ्यातली रेती मात्र जागची हलत नाही. मग जुनी पेरं उघडी पडतात, नवी मुळं धरत नाहीत, मधला भाग म्हातारा होऊन वाळतो आणि झाड नव्या रेतीच्या शोधात कडेकडे पळतं. मध्यभागचं टक्कल हा रोग नाही, त्यावर बुरशीनाशक फवारून काहीही होत नाही. युरोपच्या किनाऱ्यावरच्या मॅरम गवतावर यासंबंधी भरपूर अभ्यास झाला आहे. तिथे एक कारण असंही सापडलं की स्थिर वाळूत मुळांवर जगणारे सूत्रकृमी आणि बुरशी साठत जातात. ताजी वाळू मिळत राहिली की मुळं त्यांच्या एक पाऊल पुढे राहतात.

करायचं ते सोपं आहे. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि थंडी सरल्यावर फेब्रुवारीच्या शेवटी, तीन ते पाच सेंटिमीटर कोरडी, धुतलेली रेती वाफ्यावर पसरायची. वाढतं टोक उघडं राहिलं पाहिजे. त्याआधी धावती खोडं रिकाम्या मध्याकडे वळवून जीआय तारेच्या यू आकाराच्या खिळ्यांनी दाबून घ्या. एका खोडाची किमान दोन पेरं रेतीखाली जायला हवीत. खिळा पेरावर नाही, दोन पेरांच्या मध्ये. रेती एकदम पंधरा सेंटिमीटर ओतू नका. वाढीच्या दिवसांत झाड तेवढं सोसेल कदाचित, पण ऑक्टोबरानंतर थंडी लागते आणि गाडलेलं टोक वर यायची ताकद उरत नाही.

मधलं वाळलेलं जुनाट खोड उपटून काढू नका. जमिनीलगत कापा. उपटताना शेजारची जिवंत मुळं तुटतात.

५. खत: थोडं आणि योग्य महिन्यांत

निव्वळ रेतीत अन्न नसतं, त्यामुळे फिकटपणा आला तर खत द्यायला हरकत नाही. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९, लिटरला एक ग्रॅम, चौरस मीटरला दोन लिटर, दर तीन आठवड्यांनी. पहिल्या चांगल्या पावसानंतर सुरू करायचं आणि ऑक्टोबरच्या मध्याला थांबायचं. थंडीत नको.

शेणखत, गांडूळखत, कोकोपीट काहीही रेतीत मिसळू नका. हे सगळे ओल धरून ठेवतात, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही येते. ‘थोडी काळी माती टाकली की ओल टिकेल’ हा सल्ला तर कानावर आला तरी विसरून जा.

६. रेती कशी आहे

इथपर्यंतच्या उपायांना खर्च फारसा नव्हता. इथून घाम गाळायला लागतो.

सरळ बाजूंची पारदर्शक बाटली घ्या. दहा सेंटिमीटर उंचीपर्यंत रेती भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ (इथे मात्र मीठ चालतं, गाळ लवकर बसतो), जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. रेतीच्या वर गाळाचा वेगळा थर बसेल. तो मोजा. आठ मिलिमीटर म्हणजे आठ टक्के. बांधकामवाले तेवढ्यापर्यंत चालवून घेतात. या गवतासाठी तीन मिलिमीटरच्या वर नको. कन्हान नदीची रेती सातपुड्यातून येते आणि तिचा दाणा चांगला असतो, पण ट्रकमधून उतरलेली रेती नदीवरच्या रेती घाटाच्या कुठल्या थरातली आहे यावर गाळ ठरतो. गाळ जास्त निघाला तर ड्रममध्ये रेती अर्धी भरून पाणी सोडा, ढवळा, गढूळ पाणी वरून ओता. पाणी नितळ येईपर्यंत.

क्रशरची चुरी किंवा दगडाची बनवलेली रेती स्वस्त मिळते, पण नको. तिच्यात पीठ जास्त आणि दाणे टोकदार. पाणी पडलं की घट्ट बसते.

आता दाण्याचा प्रश्न. बारीक रेती भरलेल्या भांड्याच्या तळाशी पाणी निचऱ्याला न जुमानता अडकून राहतं. छिद्र कितीही मोठं करा, तो ओला पट्टा जात नाही. रेती जितकी बारीक तितका पट्टा उंच. मोजायचा असेल तर दोन फुटी पारदर्शक पाइपच्या बुडाला कापड बांधा, कोरडी रेती भरा, दोन सेंटिमीटर पाण्यात उभा करा आणि दुसऱ्या दिवशी ओल किती चढली ते बघा. जाड रेतीत दहा सेंटिमीटरच्या आत थांबते, बारीक रेतीत पंचवीस-तीसपर्यंत जाते. समुद्रकाठची वाळू बारीकच असते, पण तिथे टेकडी मीटर-दोन मीटर उंच असते, म्हणून मुळं ओल्या पट्ट्याच्या कितीतरी वर राहतात. वीतभर कुंडीत तीच वाळू भरली तर अख्खी कुंडीच ओला पट्टा होते. म्हणून एकतर जाड रेती वापरा किंवा उंची वाढवा. दोन्ही जमलं तर उत्तम.

कुंडीच्या तळाला गिट्टीचा थर घालण्याची पद्धत सगळीकडे आहे. तिने ओला पट्टा जात नाही, गिट्टीच्या जाडीइतका वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवा. तेवढंच पुरे.

७. पाणी बाहेर कुठून जातं

सिमेंटच्या भिंतींचा, खाली काळी माती असलेला वाफा म्हणजे पावसाळ्यात टाकं. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा असतात, त्यामुळे मे महिन्यात बादलीभर पाणी ओतून पाहिलं तर सरसर जिरतं आणि माणूस निर्धास्त होतो. जुलैत तीच माती फुगून भेगा मिटवते. म्हणून ही तपासणी पावसाळ्यातच करायची, नाहीतर दोन दिवस सतत भिजवून. पश्चिम नागपुरात जिथे दोन फुटांवर मुरूम लागतो तिथे हा त्रास कमी होतो, पण गृहीत धरू नका.

वाफ्याच्या कोपऱ्यात तळापर्यंत दोन इंची पीव्हीसी पाइप उभा गाडा. त्याच्या खालच्या वीतभर भागाला भोकं पाडा, बाहेरून जाळी गुंडाळा आणि वरच्या तोंडाला झाकण लावा. जोराच्या पावसानंतर आत काठी घालून पाणी किती उभं आहे ते बघता येतं. सहा तासांनी पाच सेंटिमीटरहून जास्त उरलं तर बाहेर काढायची वाट करायलाच हवी.

दोन मीटर बाय दोन मीटरच्या वाफ्यावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे चारशे लिटर पाणी. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा तेवढा पाऊस काही तासांत पडला होता. त्यामुळे भिंतीला एक अर्धा इंची भोक पाडून भागत नाही. जमिनीलगत उताराच्या बाजूला दोन इंची दोन नळ्या, आतल्या तोंडाला बारीक जाळी, आणि बाहेर पडलेलं पाणी नालीपर्यंत नेणारा चर. जाळी दर मे महिन्यात साफ करायची. हरळीची मुळं तिच्यात हमखास घुसतात.

८. मुळाशी कोण आहे

एकच खोड वाळलं असेल तर ते मुळासकट काढा आणि खालची रेती पंधरा सेंटिमीटरपर्यंत चाळा. इंग्रजी सी आकाराची पांढरी, तपकिरी डोक्याची अळी म्हणजे हुमणी. छोट्या वाफ्यात हाताने वेचणं सर्वात खात्रीचं. शिवाय पावसाआधी मेटाऱ्हायझियम बुरशीची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात ओल्या रेतीत द्या. ती जिवंत असते, कोरड्या तापलेल्या रेतीत मरते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. ते झाड हलवून खाली पाडून गोळा केले तर पुढची पिढी कमी होते.

मातीच्या नळ्या दिसल्या तर उधई, म्हणजे वाळवी. ती बहुतेक मेलेल्या खोडावर आलेली असते, म्हणजे तिच्यामुळे झाड मेलेलं नसतं. वाळलेली खोडं काढली की जाते. पेराच्या खोबणीत पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग असेल तर पिठ्या ढेकूण. लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, सूर्य मावळल्यावर, आठवड्याच्या अंतराने दोनदा. तणनाशक कुठल्याही कारणाने नको. हरळी मारणारं औषध या गवतालाही मारतं.

९. वाफा नव्याने

तळ काळा पडलाय, वास येतोय आणि नळ्या काढायला जागा नाही, तर डागडुजी सोडा.

दोन बाय दोन मीटरचा वाफा, रेतीची उंची जमिनीपासून साठ सेंटिमीटर. खड्डा खणायचा नाही, सगळं जमिनीच्या वर. रेती लागते २.४ घनमीटर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण २.८ घनमीटर. तेव्हा एक ब्रास मागवली की वाफा भरून पुढच्या दोन वेळच्या भरीलाही उरते. रॉयल्टीची पावती मागा आणि काम मेच्या आत उरका, कारण पावसाळ्यात घाट बंद असतात आणि भाव चढतो. तळाला काळ्या मातीवर एका बाजूला उतार देऊन जाड प्लास्टिक अंथरा, उताराच्या तोंडाशी नळ्या. प्लास्टिकमुळे खालून काळी मातीही वर येत नाही आणि हरळीही.

जुन्या वाफ्यातल्या निरोगी टोकाकडच्या फांद्याच घ्या. पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब, तीन पेरांची, टोक शाबूत. पहिल्या दमदार पावसानंतर लावा. दोन पेरं दहा सेंटिमीटर खोल आडवी, टोक बाहेर, दोन फांद्यांत अर्धा मीटर. वाफ्याला सोळा फांद्या लागतात, वीस तयार ठेवा. फुटवा दिसेपर्यंत उघडीप असेल त्या दिवशी पाणी. नंतर उन्हाळ्यातही आठवड्यातून दोनदा, चौरस मीटरला पंधरा-वीस लिटर. रोज थोडं थोडं शिंपलं तर मुळं वरच राहतात आणि मेच्या उन्हात भाजतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

गच्चीवर वाफा असेल तर ७ आणि ९ स्वतः करू नका. ओल्या रेतीचं वजन घनमीटरला दोन टनांच्या आसपास जातं. साठ सेंटिमीटर रेती म्हणजे चौरस मीटरला बाराशे किलो, आणि लोक ये-जा करतात अशा घराच्या गच्चीवर आपल्या भारतीय मानकानुसार धरायचा भार सुमारे दीडशे किलो असतो. आधीच वाफा असेल आणि खालच्या छताला ओल किंवा भेग दिसत असेल तर गवताची चिंता नंतर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आधी. गच्चीवर उंच, अरुंद, हलक्या कुंड्यांतच हे गवत ठेवा.

टीडीएस धुऊनही उतरत नसेल, किंवा निचरा ठीक, क्षार ठीक, ऊन ठीक आणि तरी मुळांवर गाठी किंवा काळे चट्टे येत असतील, तर अंदाजाने औषधं ओतणं थांबवा. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राच्या विभागाला विचारा. नमुना म्हणून अर्धमेलं, मुळासकट झाड ओल्या कागदात न्या. पूर्ण वाळलेल्या झाडातून काही कळत नाही. रेतीचा नमुना वेगळ्या पिशवीत, वरच्या पाच सेंटिमीटरचा एक आणि तळाचा एक. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर उधईची जमिनीत ओतायची औषधं स्वतः वापरायची नाहीत.

सगळा वाफा मेला तर किनाऱ्यावर जाऊन गवत उपटून आणणं हा पर्याय नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या पहिल्या, सर्वात संवेदनशील वर्गात आहेत, आणि तिथली वाळू पोत्यात भरून आणणंही त्यातच आलं. धक्के, रस्ते, रिसॉर्ट आणि सुरूच्या लागवडीखाली टेकड्या आधीच सपाट होत चालल्यात. एका कोपऱ्यातलं गवत उपटलं की त्या जागी वारा खाच पाडतो. ज्या महाविद्यालयाच्या उद्यानात आधीपासून हे गवत आहे तिथून छाटणीच्या फांद्या मागा, नर आणि मादी दोन्हीच्या, आणि पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या पाट्या लावा. फुलं नसताना त्यांच्यात काहीच फरक दिसत नाही. फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, टोकं बाहेर ठेवून पाठवायला सांगा. दोन दिवसांत रेतीत गेल्या पाहिजेत.